कमी भावाचा फेव्हरिट परवडतो का? वहीतून उत्तर काढण्याची पद्धत

घोड्यांची शर्यत, दशांश भाव १.५०, म्हणजे एक एकक लावून घोडा जिंकला तर मूळ रकमेसह दीड एकक परत. शंभर शर्यती, शंभर फेव्हरिट (शर्यतीतला सर्वांत कमी भावाचा घोडा), प्रत्येकावर एक एकक. त्यातले ६४ जिंकले. दर तीन घोड्यांमागे जवळपास दोघांनी पैसे आणले, म्हणजे तंत्र हाती लागलं असं कुणालाही वाटेल. हिशेब मात्र असा: १०० एकक लावले, ९६ परत आले. चार एककांचा तोटा.

गफलत नेमकी इथे होते. फेव्हरिटबद्दल लोक विचारतात, 'जिंकतो का?' विचारायला हवं, 'मिळालेला भाव भरून निघेल इतक्या वेळा जिंकतो का?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमीच सुखावणारं असतं, म्हणून दुसरा विचारायचा राहून जातो. त्यात तोटा हळूहळू होतो. मोठ्या भावाच्या घोड्यांवर पैसे बुडतात ते दिसतात. कमी भावाच्या घोड्यांवर ते झिरपतात.

पुढची सगळी पद्धत आधी कागदावर करायची आहे, पैसे न लावता. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यानेच होतात: आधी निकाल बघितले जातात, मग त्यांना साजेसे नियम ठरतात.

तयारी: हाताशी काय हवं

- एक स्प्रेडशीट. वही चालेल, पण तिसऱ्या टप्प्यात घातांक येतात, तिथे वही कंटाळा आणते.
- शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांचे भाव. फक्त फेव्हरिटचा भाव लिहिलेली यादी निरुपयोगी आहे.
- ज्या ठिकाणी पैज लागणार तिथले निकाली काढण्याचे नियम: टोटची (सगळ्यांचा पैसा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी व्यवस्था) कपात, डिव्हिडंड (टोटवर जिंकल्यास मिळणारी रक्कम) कोणत्या आकड्यापर्यंत खाली उतरवला जातो, एक्स्चेंजचं (जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैज लावतात) कमिशन, घोडा माघारी गेल्यास काय, डेड हीट (दोन घोडे बरोबरीत) झाल्यास काय.
- तुम्ही राहता तिथे शर्यतीवर पैज लावणं कायदेशीर आहे का आणि कोणत्या मार्गाने, याची खात्री. ही आधीच करून घ्या.

सावधान: माहिती एकाच ठिकाणाहून घ्या. अर्ध्या शर्यती टोटच्या डिव्हिडंडवरून आणि अर्ध्या बुकींच्या भावावरून लिहिल्या, तर शेवटी जो आकडा येईल तो कशाचाच नसेल.

टप्पा १: 'कमी भाव' म्हणजे किती, ते आधी लिहून ठेवा

पहिल्या पानावर व्याख्या लिहा आणि तारीख घाला. उदाहरणार्थ: 'शर्यत सुटताना ज्याचा दशांश भाव १.२० ते १.८० आहे असा एकटा फेव्हरिट.' मग तिचे पट्टे पाडा: १.२० ते १.४०, १.४१ ते १.६०, १.६१ ते १.८०. पट्टे एकत्र मिसळायचे नाहीत. १.१० चा घोडा आणि १.९० चा घोडा दोघेही फेव्हरिट म्हणवले जातात, पण पैजेच्या दृष्टीने त्यांचं नातं नाही.

आणखी चार गोष्टी याच पानावर ठरवा. एकाच भावाचे दोन फेव्हरिट असतील तर शर्यत सोडायची की दोघांवर अर्धी अर्धी रक्कम? सपाट शर्यती आणि अडथळ्यांच्या शर्यती वेगळ्या लिहायच्या का? (लिहाच. अडथळ्यांवर घोडा पडू शकतो, स्वार खाली येऊ शकतो. घोडा कितीही सरस असला तरी ही जोखीम त्याच्या शक्यतेवर झाकण ठेवते.) चार घोड्यांची शर्यत आणि चौदा घोड्यांची शर्यत एकाच रकान्यात जाणार का? आणि मोजणी कुठे थांबवायची?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण आकडे नफ्यात असताना वही बंद करण्याचा मोह इतका जबर असतो की थांबण्याची संख्या आधी न लिहिलेल्या वहीवर मुळीच विश्वास ठेवू नये.

टप्पा २: प्रत्येक भावाचा बरोबरीचा टक्का काढा

बरोबरीचा टक्का म्हणजे ना नफा ना तोटा राहण्यासाठी किती वेळा जिंकायला हवं ते. १०० ला दशांश भावाने भागा. अपूर्णांकात भाव असेल, समजा २/५, तर वरच्या आकड्याला खालच्याने भागून एक मिळवा: १.४०. नेहमी लागणारे आकडे:

- १/१०, म्हणजे १.१०: ९०.९ टक्के
- १/५, म्हणजे १.२०: ८३.३
- १/४, म्हणजे १.२५: ८०
- १/३, म्हणजे १.३३: ७५
- २/५, म्हणजे १.४०: ७१.४
- १/२, म्हणजे १.५०: ६६.७
- ४/६, म्हणजे १.६७: ६०
- ४/५, म्हणजे १.८०: ५५.६
- समान भाव, म्हणजे २.००: ५०

या यादीत बघण्यासारखं एकच आहे. १.२० वरून १.२५ ला भाव गेला तर डोळ्याला फरक जाणवत नाही, पण नफा प्रत्येक विजयामागे पाव पटीने वाढतो. भाव जितका कमी, तितका शेवटचा अंश महाग. १.१० ला एक पराभव दहा विजय खातो. १९७३ मध्ये ट्रिपल क्राउन (अमेरिकेतल्या तीन मानाच्या शर्यती) जिंकलेला घोडा सेक्रेटेरिएट त्याच वर्षी साराटोगाच्या व्हिटनी शर्यतीत १/१० भावाने उतरला आणि ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला. तसा घोडा हरू शकतो, तर ९०.९ टक्के ही पायरी किती उंच आहे ते कळतं.

तपासा: सरासरी भाव काढून त्यावरून बरोबरीचा टक्का काढलात का? ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. समजा ५० घोडे १.२० चे आणि ५० घोडे १.८० चे. सरासरी १.५०, म्हणून ६६.७ टक्के पुरेसे वाटतात. पहिल्या गटात ४० जिंकले, दुसऱ्यात २८, एकूण ६८. नफा झाला असं वाटेल. प्रत्यक्षात ४० गुणिले १.२० म्हणजे ४८, आणि २८ गुणिले १.८० म्हणजे ५०.४. एकूण परत आले ९८.४. तोटाच. बरोबरीचा टक्का प्रत्येक पैजेचा वेगळा काढायचा आणि मग त्या टक्क्यांची सरासरी घ्यायची. या उदाहरणात ती ६९.४ येते.

टप्पा ३: भावातली कपात बाजूला काढा

१.५० भाव म्हणजे बाजाराच्या मते घोड्याची शक्यता ६६.७ टक्के, असं समजणं चूक आहे. त्यात भाव देणाऱ्याचा हिस्सा मिसळलेला असतो. तो वेगळा करायला सगळ्या घोड्यांचे भाव लागतात.

सहा घोड्यांची एक शर्यत घेऊ. भाव: १.५०, ४.५०, ९, १५, २१, ३४. प्रत्येकाचा टक्का काढा: ६६.६७, २२.२२, ११.११, ६.६७, ४.७६, २.९४. बेरीज ११४.३७. शंभराच्या वरचे १४.३७ ही कपात.

आता ती कोणत्या घोड्यातून किती वजा करायची? इथे दोन रस्ते फुटतात.

सोपा रस्ता प्रमाणाचा. प्रत्येक टक्क्याला १.१४३७ ने भागायचं. फेव्हरिटची शक्यता ५८.३ टक्के येते. १.५० ने गुणलं तर १०० एककांमागे ८७.४ परत, म्हणजे १२.६ चा तोटा.

पण भाव देणारे कपात सर्वांवर सारखी लादत नाहीत. मोठ्या भावाच्या घोड्यांवर ती जास्त बसते, फेव्हरिटवर कमी. म्हणून दुसरा रस्ता घातांकाचा: प्रत्येक टक्का अपूर्णांकात लिहून (०.६६६७, ०.२२२२ वगैरे) सर्वांना एकच घात द्यायचा आणि बेरीज बरोबर १ होईपर्यंत तो घात हलवत राहायचा. स्प्रेडशीटमधल्या गोल सीकने (हवं ते उत्तर येईल असा आकडा शोधणारी सोय) क्षणात होतं. वरच्या शर्यतीत घात १.१२६ च्या आसपास येतो आणि फेव्हरिटची शक्यता ६३.३ टक्के. १.५० ने गुणा: सुमारे ९५ परत.

शर्यत एक, भाव एक, पण अंदाजात तोटा एकीकडे १२.६ आणि दुसरीकडे ५. कमी भावाच्या घोड्यांसाठी दुसरा रस्ता वास्तवाच्या जवळ जातो. पहिल्या रस्त्याने गेलेला माणूस फेव्हरिटना उगाच कमी लेखतो. मात्र ९५ आणि १०० मधली दरी कोणत्याही रस्त्याने भरत नाही, हेही याच टप्प्यावर दिसतं.

तपासा: टक्क्यांची बेरीज १०० पेक्षा कमी आली, तर एखादा घोडा यादीतून सुटला आहे किंवा वेगवेगळ्या वेळचे भाव एकत्र झाले आहेत.

टप्पा ४: कोणता भाव लिहायचा

सगळी तपासणी इथे बिघडू शकते, म्हणून थोडं थांबून.

*जो खरोखर मिळाला असता तोच भाव.* सकाळी दिसलेला सर्वांत चांगला भाव नव्हे. निकालानंतर आठवलेला तर नव्हेच.

*निवड आणि भाव एकाच क्षणाचे हवेत.* ही चूक भल्याभल्यांकडून होते. शर्यत सुटताना १.५० वर असलेले घोडे निवडायचे आणि हिशेब मात्र सकाळच्या भावाने करायचा. सकाळी २.०० वर असलेला घोडा १.५० पर्यंत खाली आला तर तो तुमच्या यादीत येतो, आणि तुम्ही त्याचा २.०० धरता. सकाळी १.४५ वर असलेला घोडा १.९० पर्यंत ढिला पडला तर तो यादीतून गळतो. ज्यांच्यावर पैसा आला ते आत, ज्यांच्यावरून उठला ते बाहेर. असा नफा कागदावर हमखास निघतो आणि प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, कारण संध्याकाळचा भाव सकाळी कुणालाच माहीत नसतो.

*टोट असेल तर शेवटचा डिव्हिडंड.* टोटमध्ये सगळा पैसा एका गल्ल्यात जातो, त्यातून कपात होते, उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. फलकावरचा आकडा शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतो, आणि शेवटच्या मिनिटाला येणारा मोठा पैसा बहुधा फेव्हरिटवर येतो. शिवाय डिव्हिडंड खालच्या आकड्यावर कापला जातो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. समजा कपात १७ टक्के आणि गल्ल्यातला ६० टक्के पैसा फेव्हरिटवर. ०.८३ भागिले ०.६० म्हणजे १.३८३. नियम दहाव्या भागापर्यंत खाली उतरवण्याचा असेल तर हातात १.३०. नफा ०.३८३ वरून ०.३०, म्हणजे पाचवा हिस्सा निव्वळ आकडा खाली उतरवण्यात गेला. हाच नियम ८.३८ च्या घोड्याला लागला तर तो ८.३० होतो आणि कुणाला कळतही नाही.

*एक्स्चेंज असेल तर कमिशन वजा करून.* ५ टक्के कमिशन फक्त नफ्यावर लागतं, म्हणून १.५० चा खरा भाव १.४७५ आणि बरोबरीचा टक्का ६६.७ ऐवजी ६७.८. एक टक्का क्षुल्लक वाटतो. टप्पा ६ वाचल्यावर वाटणार नाही.

सावधान: एखादा घोडा माघारी गेला की आधी घेतलेल्या भावावर कपात होते. ब्रिटनमध्ये यासाठी नियम ४ आहे: माघार घेणाऱ्याचा भाव ५/२ ते ३/१ असेल तर विजयाच्या रकमेतून प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स जातात, १४/१ पेक्षा मोठा भाव असेल तर काहीच नाही. १.५० च्या फेव्हरिटला असा फटका बसला तर नफा अर्ध्या एककावरून ०.३७५ वर येतो. नियम ठिकाणाप्रमाणे वेगळे असतील, पण असा रकाना वहीत हवाच.

डेड हीटची गोष्ट आणखी मजेशीर. दोन घोडे बरोबरीत आले की सहसा अर्धी रक्कम जिंकली, अर्धी हरली असं धरतात. १.५० वर एक एकक लावला असेल तर परत ०.७५. घोडा 'जिंकला' आणि पाव एकक गेला. २.०० च्या खालच्या कोणत्याही भावाला डेड हीट म्हणजे तोटा. 'जिंकला' असं लिहून पुढे जाऊ नका.

टप्पा ५: नोंदी

रकाने कमी ठेवा, पण प्रत्येक शर्यतीला सगळे भरा: तारीख, शर्यत, प्रकार, घोड्यांची संख्या, फेव्हरिटचा घेतलेला भाव, भाव घेतल्याची वेळ, शर्यत सुटतानाचा भाव, सर्व टक्क्यांची बेरीज, माघारीमुळे झालेली कपात, निकाल, परत आलेली रक्कम, आणि बरोबरीचा टक्का. कारणांचा रकाना नको. 'जॉकीने चूक केली', 'सुरुवात खराब झाली' अशा टिपा पुढे जाऊन पराभव वगळण्याचं निमित्त होतात.

प्रत्येक पैज एक एकक. आवडलेल्या घोड्यावर दोन, शंका असलेल्यावर अर्धा, असं इथे चालणार नाही.

तपासा: महिनाअखेर एखादा दिवस निवडून त्या दिवसाच्या सगळ्या शर्यती मूळ निकालांशी ताडून बघा. व्याख्येत बसणारी एकही शर्यत सुटलेली नसावी. सुटलेल्या शर्यती योगायोगाने बहुतेक हरलेल्याच निघतात!

टप्पा ६: किती शर्यती झाल्यावर बोलायचं

कमी भावाच्या घोड्यांवर चढउतार कमी, म्हणून थोड्या शर्यती पुरतील असा समज आहे. चढउतार कमी हे खरं. पण शोधायचा फरकही तितकाच बारीक असतो.

सूत्र: भाव × √(शक्यता × (१ − शक्यता)). याला शर्यतींच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की सरासरी परताव्यातली नैसर्गिक हालचाल मिळते. भाव १.५० आणि शक्यता ०.६५ धरली तर एका पैजेसाठी आकडा ०.७२ च्या आसपास येतो. मग:

- १०० शर्यती: हालचाल सुमारे ७.२ टक्के
- ४०० शर्यती: ३.६
- १,००० शर्यती: २.३
- २,५०० शर्यती: १.४

विश्वास ठेवायला फरक या हालचालीच्या निदान दुप्पट हवा. म्हणजे ३०० शर्यतींनंतर वही ५ टक्के नफ्यात असेल, तरी ती काहीच सांगत नाही. तिथे दुप्पट हालचाल ८ टक्क्यांच्या वर आहे. २ टक्क्यांचा खरा फायदा ओळखायला या भावाला ५,१०० च्या आसपास शर्यती लागतात. १.२० च्या पट्ट्यात शक्यता ०.८२ धरली तर सुमारे २,१०० पुरतात.

इतक्या शर्यती रोज बसून लिहिणं शक्य नाही, म्हणून जुने निकाल वापरा. फक्त टप्पा ४ ची अट पाळा: भाव खरा, वेळ खरी.

टप्पा ७: वही वाचणे

प्रत्येक पट्ट्यासाठी तीनच आकडे काढा: एकूण पैजा, परत आलेले एकक, आणि प्रत्यक्ष विजय विरुद्ध बरोबरीच्या टक्क्यांवरून निघणारे अपेक्षित विजय. ४०० पैजांच्या बरोबरीच्या टक्क्यांची सरासरी ६७ असेल, तर २६८ विजय हवेत. २५८ आले असतील तर वही तोट्यात आहे; तो तोटा कितपत खरा, ते टप्पा ६ मधल्या हालचालीशी ताडून बघा.

काय दिसण्याची शक्यता जास्त आहे? फेव्हरिट आणि मोठ्या भावाचे घोडे यांच्या परताव्यातला कल १९४९ मध्ये रिचर्ड ग्रिफिथ यांनी मांडला आणि नंतर अनेक देशांतल्या आकड्यांत तो पुन्हा दिसला: मोठ्या भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसा लागतो, फेव्हरिटवर त्या मानाने कमी. एरिक स्नोबर्ग आणि जस्टिन वुल्फर्स यांनी १९९२ ते २००१ मधल्या अमेरिकी शर्यती तपासल्या. डोळे मिटून कोणताही घोडा धरला तर तोटा सुमारे २३ टक्के, १००/१ आणि वरच्या घोड्यांवर सुमारे ६१ टक्के, आणि प्रत्येक शर्यतीत फेव्हरिट धरला तर सुमारे ५.५ टक्के. शेवटचा आकडा सर्व फेव्हरिटचा आहे, फक्त कमी भावाच्यांचा नव्हे, हे लक्षात घ्या. हाँगकाँगमध्ये मात्र बुश आणि हॉल यांना १९८८ मध्ये असा कल आढळला नाही. म्हणून एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे उचलून नेऊ नका.

या आकड्यांतून दोन वाक्यं निघतात आणि लोक त्यातलं पहिलंच लक्षात ठेवतात. फेव्हरिट इतरांपेक्षा बरा. तरीही तोट्यात.

सावधान: वही तोट्यात निघाली की ती चिरायला सुरुवात होते. फक्त ओल्या मैदानावरचे, फक्त कमी अंतराचे, फक्त शनिवारचे. वीस कप्पे पाडले तर त्यातला एखादा निव्वळ नशिबाने चमकेलच. असा कप्पा सापडला तर तो नियम म्हणून लिहा आणि अजून न उघडलेल्या शर्यतींवर तपासा. त्यासाठी सुरुवातीलाच अर्धी माहिती बाजूला ठेवून द्या. चमक तिथेही टिकली तरच बोलायचं.

टप्पा ८: फायदा असेल तर कुठून

घोडा चांगला आहे म्हणून फायदा होत नाही. तो चांगला आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर भाव १.५० आहे. मोठा जॉकी, सलग तीन विजय, नामांकित ट्रेनर, ही सगळी कारणं भावात आधीच मुरलेली असतात. ती पुन्हा मोजली की फेव्हरिट आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो.

शोधायचं ते दोन ठिकाणी. एक, भाव ठरल्यानंतर बदललेली गोष्ट: पाऊस पडून मैदान बदललं, पुढे पळून वेग ठरवणारा प्रतिस्पर्धी माघारी गेला, ऐनवेळी जॉकी बदलला. सुरुवातीला थोडा वेळ भाव अशा बदलामागे धावत असू शकतो. दोन, तोच घोडा जास्त भावाने. टप्पा ३ मधल्या शर्यतीत फेव्हरिटची शक्यता ६३.३ टक्के होती. १.५० ला तोटा ५ टक्के. तोच घोडा १.६० ला मिळाला तर ०.६३३ × १.६० म्हणजे १.०१३: सव्वा टक्क्याच्या आसपास फायदा. घोड्यात तसूभरही फरक नाही. एका दशांशाने बाजू बदलली.

म्हणून वहीत 'घेतलेला भाव' आणि 'शर्यत सुटतानाचा भाव' असे दोन रकाने ठेवायला सांगितले. दोनशे शर्यतींनंतर निकालावरून काही कळत नाही, पण तुमचा भाव शेवटच्या भावापेक्षा सातत्याने वर आहे का, हे कळतं. तो सातत्याने खाली किंवा बरोबरीत असेल, तर पुढच्या टप्प्यावर जायची गरज नाही.

तपासा: जास्त भाव देणाऱ्याकडे तुमची पूर्ण रक्कम घेतली जाते का? फलकावर १.६० आणि घेणार मात्र चिमूटभर, असं असेल तर वहीत १.६० लिहिता येणार नाही.

टप्पा ९: रक्कम ठरवताना होणाऱ्या चुका

इथपर्यंत काही उरलं असेल तरच.

*दुप्पट करत जाणे.* कमी भावाला दुप्पट पुरत नाही, हे गणित न करताच लोक सुरुवात करतात. १.५० ला आधीचा तोटा भरून मूळचा अर्धा एकक कमवायचा तर रक्कम दर वेळी तिप्पट करावी लागते: १, ३, ९, २७, ८१. पाच हरल्यावर १२१ एकक गेलेले, आणि सहावी पैज २४३ ची, अर्ध्या एककासाठी. १.२५ ला तर पाचपट: १, ५, २५, १२५. 'फेव्हरिट सलग पाच वेळा थोडाच हरणार?' ६५ टक्के शक्यतेचा घोडा धरला तरी १,००० पैजांत सलग पाच पराभवांची माळ जवळजवळ नक्की लागते. सहाची माळ लागण्याची शक्यताही दहात सातच्या आसपास.

*चार फेव्हरिट एका पैजेत गुंफणे.* १.५० चे चार घोडे, एकत्रित भाव ५.०६, चौघेही 'जिंकणारे'. प्रत्येकात ५ टक्के कपात लपलेली असेल तर ०.९५ चा चौथा घात ०.८१. शंभरातले १९ एकक कपातीत. एकेकट्या पैजेत ५ जात होते.

*प्लेसवर मोठी रक्कम.* 'पहिल्या तिनात तर येईलच' या हिशेबाने १.०५ ला मोठी रक्कम लावली जाते. बरोबरीचा टक्का ९५.२. वीस वेळा आला आणि एकविसाव्या वेळी नाही, तर हाती शून्य.

*केलीचं सूत्र अंदाजावर चालवणे.* १९५६ मध्ये जॉन केली यांनी मांडलेलं सूत्र फायद्याच्या प्रमाणात रक्कम सांगतं: (नफ्याचा भाव × शक्यता − हरण्याची शक्यता) भागिले नफ्याचा भाव. नफ्याचा भाव म्हणजे दशांश भावातून एक वजा. १.५० ला शक्यता ६९ टक्के धरली तर उत्तर भांडवलाच्या ७ टक्के. खरी शक्यता ६५ असेल तर उत्तर ऋण, म्हणजे पैजच नको. चार टक्क्यांच्या अंदाजचुकीत '७ टक्के लावा' चं 'हात लावू नका' होतं, आणि कमी भावाच्या घोड्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत अचूक सांगणं सोपं नाही. सूत्र वापरायचंच असेल तर त्याच्या पाव हिश्शाने वापरा. नाहीतर सपाट एक एकक, भांडवलाच्या एका टक्क्याच्या आत.

भांडवल म्हणजे घरखर्चाला धक्का न लागता पूर्ण गेलं तरी चालेल अशी वेगळी काढलेली रक्कम. ती संपली की वही बंद. पहिल्या पानावर थांबण्याची शर्यतसंख्या लिहिली होती, तिच्याखाली हाही आकडा आजच लिहा, आणि पान दुसऱ्या कुणाला तरी दाखवून ठेवा.